पर्यावरण आणि सामाजिक न्यायाच्या कामासाठी निधी उभारणी : पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पर्यावरण आणि सामाजिक न्याय या दोन्ही विषयांवर काम करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या संस्थेत मी गेली चौदा वर्षे निधी उभारणीचे काम पाहते आहे. या कामात येऊ पाहणारे तरुण, दुसऱ्या क्षेत्रातली नोकरी सोडून आलेले चाळिशीतले लोक आणि नव्याने विश्वस्त झालेली ज्येष्ठ मंडळी भेटायला येतात, तेव्हा प्रश्न बहुधा तेच असतात. त्यांची उत्तरे भेटीत घाईघाईने दिली जातात आणि महत्त्वाचे राहून जाते, म्हणून ती येथे सविस्तर लिहिली आहेत.

निधी उभारणी म्हणजे दिवसभर लोकांकडे पैसे मागत फिरणे का?

प्रत्यक्ष मागण्यात आठवड्यातले फार तर तीन-चार तास जातात. उरलेला वेळ मागण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाचा असतो. मुळशी किंवा मावळ तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर नेमके काय चालले आहे हे तिथल्या कार्यकर्त्याकडून समजून घ्यायचे, लेखापालासोबत बसून त्याचे अंदाजपत्रक करायचे, प्रस्ताव लिहायचा, मग तोच प्रस्ताव कंपनीच्या किंवा न्यासाच्या नमुन्यात पुन्हा लिहायचा, पैसे आल्यावर पावती वेळेत गेली का ते पाहायचे, सहा महिन्यांनी अहवाल द्यायचा, आणि ज्यांनी पाच वर्षांपूर्वी पाचशे रुपये दिले होते त्यांनाही वर्षातून एकदा फोन करून त्या कामाचे पुढे काय झाले ते सांगायचे, असा हा क्रम आहे. यातला शेवटचा भाग सर्वांत आधी टाळला जातो आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे.

वर्षाचे एक चक्रही असते. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये कंपन्यांचे फोन येतात, कारण त्यांना आर्थिक वर्ष संपण्याआधी सीएसआरची, म्हणजे कायद्यानुसार सामाजिक कामावर खर्च करायची, रक्कम खर्ची घालायची असते. करबचतीसाठी देणगी देणारेही याच सुमारास आठवण काढतात. एप्रिल आणि मे महिने हिशेब जुळवण्यात आणि देणगीदारांची माहिती आयकर विभागाला कळवण्यात जातात. पावसाळ्यात फील्डवरचे काम वाढते. २ ते ८ ऑक्टोबर या आठवड्यात देशभर दानउत्सव साजरा होतो, तेव्हा आयटी कंपन्यांतले कर्मचारी स्वतःहून संपर्क करतात. दिवाळीनंतर पुढच्या वर्षाच्या प्रस्तावांची तयारी सुरू होते. या चक्रात पहिले वर्ष काढले की कामाची लय समजते, त्याआधी समजत नाही.

वर्गणी, देणगी, अनुदान आणि सीएसआर यांत फरक काय?

गणेशोत्सवाची वर्गणी पुणेकराला समजावून सांगावी लागत नाही. ती मागायला येणारा आपल्याच गल्लीतला असतो, समोर पावतीपुस्तक उघडतो, आणि पैसा दहा दिवसांत डोळ्यांदेखत खर्च होतो. जी मंडळे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली नाहीत त्यांनाही अशी वर्गणी गोळा करण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. देणगी नोंदणीकृत संस्थेला दिली जाते आणि तिच्या बदल्यात देणाऱ्याने कशाची अपेक्षा धरलेली नसते. अनुदान ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीत आणि करार करून मिळते.

सीएसआरचा उगम कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ मध्ये आहे. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी, अशी ही तरतूद असून ती १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. चाकण, रांजणगाव, पिंपरी-चिंचवड आणि हिंजवडी एवढ्या जवळ असल्यामुळे पुण्यातल्या संस्थांना हा पैसा इतर जिल्ह्यांच्या तुलनेत सहज दिसतो. त्यामुळे नव्याने आलेला माणूस प्रथम तिकडेच धावतो.

रोजच्या कामात मात्र मी पैशाची वेगळीच विभागणी करते. काही पैसा बांधील असतो आणि काही मोकळा असतो. बांधील पैसा करारात लिहिलेल्या कामावरच खर्च करता येतो. दोनशे रोपांसाठी आलेला पैसा दोनशे रोपांनाच जातो, मग त्या वर्षी गावाला रोपांपेक्षा पाण्याच्या टाकीची गरज का असेना. मोकळा पैसा संस्थेच्या उद्दिष्टांच्या चौकटीत कुठेही वापरता येतो : कार्यकर्त्याच्या पगाराला, अचानक निघालेल्या सुनावणीच्या प्रवासखर्चाला, कार्यालयाच्या भाड्याला. संस्थेकडे एकूण किती पैसा आला यापेक्षा त्यातला मोकळा किती, हा आकडा मी आधी पाहते.

पर्यावरण आणि न्यायाच्या कामासाठी पैसा उभा करणे इतर सामाजिक कामांपेक्षा अवघड का असते?

झाड लावायला पैसा मिळतो. रोप मोजता येते, त्याचा फोटो काढता येतो, खड्ड्याशेजारी फलक लावता येतो. उभे असलेले झाड उभेच राहावे म्हणून जे काम करावे लागते त्याला पैसा मिळत नाही, कारण त्या कामाच्या शेवटी काहीच नवे दिसत नाही. वेताळ टेकडी जशी आहे तशी राहणे हे यश आहे, पण त्याचे उद्घाटन करता येत नाही. टेकडीवर रोज सकाळी चालायला जाणारे हजारो लोक आहेत, त्यांचे तिच्यावर खरे प्रेम आहे, आणि तरीही त्यांच्यापैकी फार थोड्यांना असे वाटते की नकाशे काढणे, माहिती अधिकाराचे अर्ज करणे, हरकती आणि सूचना वेळेत नोंदवणे या गोष्टींना पैसे लागतात.

पर्यावरणाविषयीचे तंटे चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे. नुकसानभरपाई न मागता तिथे अर्ज दाखल करायचा असेल तर शुल्क १००० रुपये आहे. हे ऐकल्यावर देणगीदार विचारतात, मग तुम्हाला एवढा पैसा कशाला हवा? पाण्याच्या नमुन्यांची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी, ओढ्याच्या जुन्या आणि नव्या पात्राची मोजणी, तज्ज्ञाचे प्रतिज्ञापत्र, प्रत्येक तारखेला वाडीवरून येणाऱ्या माणसांची बुडालेली रोजंदारी आणि एसटीचे भाडे, हा खरा खर्च असतो. प्रकरण दोन-तीन वर्षे चालते आणि निकाल काय लागेल हे आधी सांगता येत नाही. कोणतीही कंपनी आपल्या सीएसआर समितीपुढे असा प्रस्ताव ठेवणार नाही, आणि त्यात तिला दोष देण्यासारखेही काही नाही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा अरण्येश्वर, सहकारनगर आणि दांडेकर पुलाच्या परिसरात माणसे गेली, घरे वाहून गेली. त्यानंतर शहराने मदतीला कमी केले नाही. धान्य, चादरी, भांडी, रोख रक्कम यांचा ओघ काही दिवस अखंड चालू होता. त्या वस्तीतल्या लोकांना ओढ्याच्या पात्राविषयी, भिंतींविषयी आणि पुनर्वसनाविषयी महापालिकेशी पुढची कित्येक वर्षे बोलावे लागणार होते. त्या कामाला पैसे मागितले तेव्हा मात्र मला पुष्कळदा ‘अजून चालूच आहे का ते?’ असे विचारले गेले. लोक निष्ठुर नसतात. संकट दिसते, पण संकटाआधीचा आणि नंतरचा अन्याय दिसत नाही. तो दिसेल अशा भाषेत मांडणे हे निधी उभारणाऱ्याचे काम आहे.

येथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचे उदाहरण आठवते. १९९३ मध्ये पुण्यात स्थापन झालेली ही कचरावेचकांची कामगार संघटना आहे आणि तिचे सभासद वर्गणी भरतात. पुढे २००८ मध्ये कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली, आणि तिच्या सभासदांना घराघरातून सेवाशुल्क मिळू लागले. ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांचाच पैसा, कितीही थोडा असला तरी, कामात असेल तर संघटनेचा आवाज कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून राहत नाही. प्रत्येक संस्थेला हे जमेल असे नाही. निधीचा आराखडा करताना निदान हा प्रश्न स्वतःला विचारावा.

मला पैसे मागायची लाज वाटते. मी हे काम करू शकेन का?

पहिल्या वर्षी बहुतेकांना वाटते. मला सर्वांत उपयोगी पडली ती या शहराची आठवण. माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्या मुलांच्या पिढ्या पुण्यात होऊन गेल्या. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि त्याच्यासाठी वर्षानुवर्षे गावोगाव वर्गणी गोळा केली. आश्रम असलेल्या हिंगण्याहून फर्ग्युसन महाविद्यालयापर्यंत ते शिकवायला पायी येत असत. त्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांची १५ लाख रुपयांची देणगी मिळाली आणि विद्यापीठाला ठाकरसींच्या मातोश्रींचे नाव दिले गेले. ही मोठी देणगी सर्वांना आठवते, पण तोपर्यंतची जवळजवळ पंचवीस वर्षे आणे-पैशांत येणाऱ्या रकमांवर निघाली होती. अंताजी दामोदर काळे यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला पैसा फंड तर नावाप्रमाणेच माणशी एका पैशातून जमला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला.

या माणसांनी स्वतःसाठी मागितले नाही, म्हणून त्यांना लाज वाटण्याचे कारण नव्हते. आपण मागतो तेव्हा समोरच्याला एका चांगल्या कामात भागीदार होण्याचे निमंत्रण देत असतो, आणि ते नाकारण्याचा त्याला पूर्ण अधिकार असतो. नकार मिळाल्यावर आभार मानून, पुढल्या वर्षी पुन्हा भेटण्याची परवानगी मागून यावे. माझ्या सर्वांत जुन्या देणगीदारांपैकी एक सदाशिव पेठेतल्या निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी मला सलग तीन वर्षे नाही म्हटले होते आणि चौथ्या वर्षी स्वतःहून फोन केला.

पैसे देऊ पाहणारी कंपनीच प्रदूषण करत असेल तर काय करावे?

या प्रश्नाला एका ओळीचे उत्तर नाही, आणि जो ते देतो त्याने बहुधा असा निर्णय कधी घेतलेला नसतो. उद्योगांच्या परिसरात राहून काम करायचे म्हटले तर पूर्णपणे निष्कलंक पैसा शोधत बसलेली संस्था पहिल्याच वर्षी बंद पडेल. मी तीन गोष्टी पाहते. ज्या लोकांसोबत आपण काम करतो त्यांच्याशी या कंपनीचा थेट वाद आहे का? पैशाबरोबर बोलण्यावर किंवा गप्प राहण्यावर एखादी अट येते का, मग ती लेखी असो वा चहाच्या कपावर सांगितलेली? आणि उद्या हा व्यवहार त्या वस्तीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा लागला तर आपल्याला मान खाली घालावी लागेल का?

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याने आम्हाला शेजारच्या गावांमधल्या शाळांत स्वच्छतागृहे बांधण्यासाठी मोठी रक्कम देऊ केली होती. काम गरजेचे होते, रक्कम आमच्या त्या वर्षीच्या अंदाजपत्रकाच्या जवळजवळ पाव हिश्शाएवढी होती. त्याच सुमारास त्या कारखान्याच्या विस्तारासाठी पर्यावरणविषयक जनसुनावणी व्हायची होती आणि त्याच गावांतले लोक तिथे हरकत घेणार होते. करारात कुठेही काही लिहिलेले नव्हते. तरीही आम्ही ती रक्कम घेतली नाही, कारण सुनावणीच्या मंडपात आमचा कार्यकर्ता उभा राहिला असता तर गावकऱ्यांनी त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले असते हे आम्हाला ठाऊक होते. तेवढी रक्कम छोट्या देणग्यांतून जमायला आम्हाला दोन वर्षे लागली, आणि त्या दोन वर्षांत एक पद रिकामे ठेवावे लागले. नकार स्वस्त पडत नाही हे नवीन माणसाला स्पष्ट सांगितले पाहिजे.

असे निर्णय एकट्याने घेऊ नयेत. देणगी कोणाकडून घ्यायची आणि कोणाकडून नाही, याचे लेखी धोरण विश्वस्तांनी आधीच मंजूर केलेले असावे. मोह समोर उभा असताना धोरण लिहायला बसले तर ते मोहाच्या बाजूनेच लिहिले जाते.

कायद्याचे किती ज्ञान लागते?

सनदी लेखापालाचे काम करावे लागत नाही, पण देणगीदाराच्या प्रश्नापुढे अडखळू नये एवढे तरी हवे. संस्था सोसायटी म्हणून १८६० च्या कायद्याखाली, सार्वजनिक न्यास म्हणून १९५० च्या कायद्याखाली, की कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली नोंदलेली आहे, हे पहिल्या दिवशी विचारून घ्यावे. न्यासाचे लेखापरीक्षण दरवर्षी धर्मादाय कार्यालयात सादर झाले आहे का आणि विश्वस्त बदलल्यावर बदल अर्ज दाखल झाला आहे का, हेही पाहावे. बदल अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिल्यामुळे चांगल्या चालणाऱ्या संस्थेचे अनुदान अडकलेले मी पाहिले आहे.

आयकराच्या बाजूने दोन नोंदण्या महत्त्वाच्या असतात. १२ए नोंदणीमुळे संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत मिळते, मात्र त्यासाठी वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करावी लागते किंवा ती का साठवली हे रीतसर कळवावे लागते. ८०जी नोंदणीमुळे देणगीदाराला वजावट मिळते. नियमित नोंदणी आता कायमची राहिलेली नाही, मुदत संपण्याआधी तिचे नूतनीकरण करावे लागते. २००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर ही वजावट मिळत नाही, वस्तूरूप देणगीवर मिळत नाही, आणि ज्याने नवी करप्रणाली स्वीकारली आहे त्यालाही मिळत नाही. ही शेवटची गोष्ट देणगीदाराला आधीच सांगावी. ‘सवलत मिळेल’ असे मोघम सांगून पैसे घेतले आणि जुलैमध्ये विवरणपत्र भरताना त्याला ती मिळाली नाही, तर तो पुन्हा दारात उभे करणार नाही, आणि ते योग्यच आहे. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून प्रत्येक देणगीदाराची माहिती विवरणपत्राने ३१ मेपर्यंत कळवावी लागू लागली, उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क ठेवले गेले आणि देणगीदाराला प्रमाणपत्र त्या विवरणातून निघू लागले. म्हणून पॅन क्रमांक पावती करतानाच घ्यावा. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून जुन्या १९६१ च्या कायद्याच्या जागी लागू होतो, त्यामुळे बोलताना ८०जी म्हटले तरी पावतीवर आणि पत्रावर चालू कायद्यातले क्रमांक लेखापालाला विचारूनच घालावेत.

सीएसआर निधी घेण्यासाठी संस्थेची केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी लागते, हा नियम १ एप्रिल २०२१ पासूनचा आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ‘पैसे आहेत, लगेच घ्या’ असा फोन आला तर घाई करू नये. प्रकल्प बहुवर्षीय असेल तर कंपनीला न वापरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत स्वतंत्र खात्यात ठेवून पुढील तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते. ही तरतूद समोरच्या अधिकाऱ्याला शांतपणे आठवण करून दिली की पुष्कळदा घाई ओसरते आणि काम नीट आखता येते.

परदेशातून देणगी घेता येते का? अमेरिकेतले पुणेकर नेहमी विचारतात.

विदेशी अंशदान विनियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय परदेशी स्रोताकडून एक रुपयाही घेता येत नाही. भारतीय पारपत्र (पासपोर्ट) असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी मानली जात नाही, पण त्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल तर ती विदेशी ठरते. म्हणून न्यू जर्सीतल्या जुन्या मित्राला आधी पारपत्र कोणते आहे हे विचारावे, आणि त्यात संकोच बाळगू नये. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा प्रथम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या संसद मार्गावरील मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे, आणि हा पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. या शेवटच्या बदलाचा फटका गावपातळीवरच्या छोट्या गटांना बसला, कारण ते पूर्वी मोठ्या संस्थेकडून येणाऱ्या वाट्यावर उभे होते.

‘माझ्या पैशातले किती प्रत्यक्ष कामावर जातात?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

खरे आकडे द्यावेत, आणि मग ‘प्रत्यक्ष काम’ म्हणजे काय यावर बोलावे. कातकरी वाडीवर वनहक्काचे दावे भरून घेणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार हाच तो प्रकल्प असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करायचा तर पुरावे गोळा करणे, ग्रामसभा घेणे, मोजणीला हजर राहणे, उपविभागीय समितीकडे पाठपुरावा करणे ही सगळी माणसाने करायची कामे आहेत. तिथे सिमेंट, पत्रे, रोपे काहीही लागत नाही. पगाराला प्रशासकीय खर्च म्हणून बाजूला काढले तर कामच शिल्लक राहत नाही.

कंपन्यांचे काही अधिकारी सांगतात की कायद्याने संस्थेला ५ टक्केच व्यवस्थापन खर्च घेता येतो. हा गैरसमज आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला लागू आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पखर्चाला नाही. हे नम्रपणे, नियमाचा मजकूर सोबत ठेवून सांगावे. मी सुरुवातीची काही वर्षे हे सांगायला कचरत होते, आणि त्यामुळे आमचे लेखापाल कित्येक महिने निम्म्या पगारावर राबले याची मला आजही खंत आहे.

लोकांच्या कहाण्या आणि फोटो वापरावेत का?

वापरावेत, पण त्या त्यांच्या आहेत हे विसरू नये. मी या कामात नवी असताना एका कचरावेचक मावशींविषयी एक पान लिहिले होते. त्यांचे दारिद्र्य, नवऱ्याचे आजारपण, पहाटे चारला उठणे, सगळे त्यात होते आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्या पानामुळे देणग्याही चांगल्या आल्या. काही महिन्यांनी त्यांच्या मुलीने ते पान आईला वाचून दाखवले. मावशी कार्यालयात आल्या आणि म्हणाल्या, ‘ताई, मी बत्तीस वर्षं या शहराचा कचरा उचलते, ते तुम्ही कुठंच लिहिलं नाही. मला बिचारी केलीत.’ मी त्यांची माफी मागितली आणि ते पान सगळीकडून काढून टाकले.

तेव्हापासून आमचा नियम असा आहे की ज्याच्याविषयी लिहिले त्याला मजकूर त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा, त्याने काढायला सांगितलेला भाग काढायचा, आणि नंतर कधीही नकार द्यायचा हक्क त्याला आहे हे सांगायचे. मुलांचे चेहरे दाखवायचे नाहीत. वादातल्या जमिनीवर राहणाऱ्या माणसाचे नाव आणि वाडी एकत्र छापायची नाही, कारण त्याचा त्रास आपल्याला नाही, त्याला होतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (माहिती) संरक्षण कायद्यामुळे संमतीला आता कायद्याचा आधारही आला आहे, पण तो नसता तरी हे करायलाच हवे होते.

इंग्रजी उत्तम नसेल तर चालेल का?

कंपन्यांचे आणि मोठ्या न्यासांचे प्रस्ताव इंग्रजीत जातात, त्यामुळे स्वच्छ आणि साधे इंग्रजी लिहिता यावे. त्याहून अवघड आहे ते मराठी लिहिणे. कोथरूड, नवी पेठ, चिंचवड, हडपसर इथल्या शेकडो घरांतून येणारा मोकळा पैसा मराठी पत्राने येतो, आणि त्या पत्रात ‘शाश्वत विकासाच्या दृष्टीने समुदायाचे सक्षमीकरण’ असे लिहिले की वाचणारा दुसऱ्या ओळीवर थांबतो. ‘या वर्षी वाडीतल्या अकरा घरांना मार्चनंतरही पाणी पुरले’ असे लिहिले की तो पुढे वाचतो. फील्डवर कार्यकर्ते जे बोलतात तेच कागदावर आणायचे असते. हे कौशल्य शिकायला मला इंग्रजी प्रस्तावांपेक्षा जास्त वेळ लागला.

कोणते शिक्षण असावे?

समाजकार्याची पदवी असल्यास उपयोग होतो, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्थेसारख्या ठिकाणी ते शिक्षण मिळते. वाणिज्य, पत्रकारिता, पर्यावरणशास्त्र शिकलेले लोकही हे काम उत्तम करतात. ताळेबंद वाचता येणे आवश्यक आहे.

पगार किती असतो? जमवलेल्या रकमेवर टक्केवारी मिळते का?

पगार खासगी कंपनीतल्या समान अनुभवाच्या पदापेक्षा कमी असतो, आणि तो किती कमी असेल हे संस्थेवर अवलंबून आहे. घरभाडे आणि घरच्यांच्या जबाबदाऱ्या यांचा हिशेब करून मगच निर्णय घ्यावा. त्याग म्हणून दोन वर्षे काढून मग थकून निघून जाण्यापेक्षा रास्त पगार मागून दहा वर्षे टिकणे संस्थेच्याही हिताचे आहे. टक्केवारीवर काम करू नये आणि कोणाला ठेवूही नये. देणगीदाराने नदीसाठी दिलेल्या हजार रुपयांतले शंभर मागणाऱ्याच्या खिशात गेले, हे त्याला कळले तर त्याचा विश्वास उडेल, आणि रकमेवर कमाई अवलंबून असलेला माणूस अडचणीचा पैसा नाकारणार नाही.

उद्दिष्टाएवढा पैसा जमला नाही तर?

ते विश्वस्तांना आणि सहकाऱ्यांना लवकर सांगावे. सप्टेंबरमध्ये दिसणारी तूट फेब्रुवारीपर्यंत झाकून ठेवणे हा या कामातला सर्वांत मोठा अपराध मी मानते, कारण तोपर्यंत खर्च कमी करण्याचे सगळे सभ्य मार्ग बंद झालेले असतात आणि कार्यकर्त्यांना काढण्याशिवाय पर्याय उरत नाही. देणगीदारांनाही सांगावे. करोनाच्या पहिल्या वर्षी आम्ही साडेसहाशे छोट्या देणगीदारांना परिस्थिती जशी होती तशी पत्राने कळवली. तेव्हा तिघा-चौघांनी देणगी थांबवली आणि पुष्कळांनी वाढवून दिली.

मुलाखतीत मी संस्थेला काय विचारावे?

गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब पाहायला मागावेत. ते दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथे रुजू होऊ नये. एकूण निधीतला सर्वांत मोठा देणगीदार किती टक्के आहे आणि तो उद्या थांबला तर किती महिन्यांचे पगार हाताशी आहेत, हे विचारावे. संस्थेने आजवर कोणता पैसा नाकारला आणि का, हेही विचारावे, आणि उत्तर देणारा क्षणभर तरी विचारात पडतो का ते पाहावे. निधी उभारणाऱ्याला वर्षातून किती दिवस फील्डवर जायला मिळते याची चौकशी करावी. आमच्याकडे महिन्याला दोन दिवस असा नियम आहे आणि मार्चमध्येही तो मोडत नाही. शक्य असेल तर रुजू होण्याआधी एक दिवस स्वतःच्या खर्चाने तिथल्या एखाद्या कार्यकर्त्यासोबत वाडीवर किंवा वस्तीत जावे, बैठकीत मागे बसून ऐकावे, आणि परतीच्या एसटीत त्या कार्यकर्त्याला एवढेच विचारावे की कार्यालयातून येणारा अहवाल त्याने शेवटचा कधी वाचला होता आणि त्यात त्याचे काम त्याला ओळखू आले का.